पाटलोण सोडविल्याची हकीकत

श्रोते हो, चित्त द्यावे. मजकूर ऐसा की, राजमान्य राजश्री तात्यासाहेब, निवृत्त हिशेबनीस, खर्चाचे वैरी व बचतीचे कैवारी, यांचे फोनात द्रव्याचा संचार जाहला तेव्हापासून बोट टेकले की खजिना रिता, ऐसी अवस्था प्राप्त झाली. मग गुरुजींस शरण जाऊन व्रत घेतले की, आठवड्यातील एक दिवस द्रव्यास हात म्हणून लावणे नाही.

नेमकी व्रताचे दिवशी व्याह्यांची भेट ठरली आणि स्वारी माईसाहेबांसहवर्तमान कूच करिती झाली. तो वाटेत चहाचा पेला उलटोन पाटलोणीवर महापूर आला. ऐशा वेषे लेकीच्या सासऱ्यांपुढे जाणे म्हणजे इभ्रतीचा सवाल. मग समोरील धुलाईखान्यात शिरोन, आगाऊ पैसे भरलेले कार्ड दाखवोन, पाटलोण यंत्राचे स्वाधीन केली आणि माईसाहेबांची शाल कमरेस वेष्टोन बाकावर ठाण मांडिले. परंतु यंत्र महादगाबाज! डाग हट्टी, सबब पाणी ज्यादा लागले, त्याची रक्कम भरल्यावाचून दार उघडणे नाही, ऐसे फर्मान पडद्यावर झळकाविले. कार्ड तो रिते. माईसाहेबांचा फोन बॅटरी सरोन मूर्च्छित. आणि तशात, उशीर होतो म्हणोन ज्यांस ठिकाण कळविले होते, त्या व्याह्यांचा निरोप आला की, धुलाईखान्यापाशीच येतो, कोपऱ्यावर पोहोचलो. तात्यासाहेबांचे तोंडचे पाणी पळाले.

दैवयोगे गुरुजी खासे, स्वतःही तेच व्रत पाळीत, तेथेच आपल्या चादरी धुवीत बसले होते. मग मसलत बसली.

माईसाहेब म्हणाल्या, "फोनातले पैसे हाताला लागतात तरी कुठे? काचेलाच तर बोट लावायचं!"

गुरुजींनी चष्मा पुसोन निर्णय दिला की, काच हे निमित्त, बोटाचा डोळा द्रव्यावर. सबब बोट बाद. कोपर हा हाताचाच मुलूख, तोही बाद. पायाच्या अंगठ्यास मनाई नव्हती, परंतु तात्यासाहेब पाय उचलू लागताच शाल ढळो लागली, तेव्हा ती मसलत घाईने आवरिली.

मग माईसाहेबांचा धीर सुटला. "अहो, नाक लावा नाक! ते तरी हातात मोडत नाही ना?"

गुरुजींनी सारे नियम मनी धुंडाळिले, नाकाचा उल्लेख सापडेना. "नाक चालेल," ऐसा कौल दिधला.

मग खर्चापुढे जन्मात न वाकलेले तात्यासाहेब वाकले. पहिले हल्ल्यात नेम चुकोन रकमेवर एक शून्य ज्यादा चढले आणि माईसाहेबांनी किंकाळी फोडोन त्यांस मागे खेचिले. मग शून्य खोडोन, श्वास रोखोन, गुप्त आकडे नाकानेच एकेक टोचिले आणि यंत्राने खट्ट म्हणोन दार सोडिले. नाक दाबले की तोंड उघडते, हे वडिलांचे वचन यंत्रासही लागू जाहले.

ओली पाटलोण चढवोन पट्टा आवळिती, तो व्याही दारात उभे. "तात्या, नाकाला काय झालं हो? लालबुंद दिसतंय!"

तात्यासाहेबांनी शालीचे टोक नाकावर ओढिले. तितक्यात व्याह्यांची नजर आत गेली, तो गुरुजी इकडेतिकडे पाहोन आपल्या फोनावर हळूच नाक टेकवीत होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाटलोण सुटली, इभ्रत राहिली, व्रत अभंग. रक्कम गेली ती नाकावाटे गेली, हातची गेली नाही, ऐसे दफ्तरी नमूद असे.