डिंगमार बेटावरील थोरल्या थडग्याची मोहीम

श्रीसमुद्र साक्ष. शके सतराशे पंचेचाळीस, सुभानु नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, उत्तरेकडील डिंगमार म्हणविणाऱ्या टोपीकरांचे मुलखी एका बेटावर जे वर्तमान जाहले, ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, राजाचेही लिहीत नाही. तशी राज्ये पुष्कळ आणि राजे त्याहून पुष्कळ. तर त्या राजास शेजारचे राजाने भर मेजवानीत टोमणा मारिला की, "तुमचे घराणे कालपरवाचे." तो बोल राजाचे जिव्हारी लागला आणि अन्न गोड लागेना, मग दरबार भरवून हुकूम फर्माविला की, मुलखातील जुनी थडगी, पडके कोट, उभे दगड सर्व धुंडाळावे आणि आमचा मूळपुरुष जेथे निजला असेल तेथून काढून आणावा. या कामी मोगेन्स नामे सरदाराची नेमणूक जाहली. मोगेन्स मोठा विद्वान. जुना दगड दिसला की टोपी काढून मुजरा करी, जित्या माणसास मात्र वाटेतून बाजूस व्हा म्हणे.

मग गलबत हाकारून स्वारी बेटास पोहोचली आणि मोहीम सुरू जाहली. प्रथम वाटोळे देऊळ पाहिले, ज्याच्या भिंती कोटासारख्या जाड, कारण पूर्वी समुद्रावरचे पुंड आले म्हणजे सारे गाव गुरांसुद्धा आत लपे. मग कड्यावरील पडका कोट पाहिला, तेथे पक्ष्यांची शिबंदी होती, ती ओरडून उडाली. मग गलबताच्या आकाराने मांडिलेले उभे दगड पाहिले आणि खणले, तो आत वाळू. मोगेन्स खट्टू जाहले. मग कोणी सांगितले की, पश्चिमेस जवाच्या शेतात गवताची टेकडी आहे, तिचे पोटात प्रचंड शिळांची खोली आहे, तोंड इतके ठेंगणे की सरदारासही रांगत जावे लागेल, त्यास थोरले थडगे म्हणतात. हे ऐकताच मोगेन्स कुदळकऱ्यांसह चालून गेले, तो तोंडाशी एक बाई उभी. तिचे नाव सिदसेल, नवरा समुद्राने नेलेला, लोकांची जाळी विणून पोट भरी. ती बोलली, "सरदार, हे उघडू नका. आत निजलाय त्याला निजू द्या." मोगेन्स बोलिले, "बाई, आत राजाचा पूर्वज आहे." ती बोलली, "असंल. पण तो आता आमच्या कामाला आहे."

भोवती गाव जमला होता, त्यातील पुरुष मंडळी हसली. बायका हसल्या नाहीत, खाली पाहू लागल्या. त्याचे कारण ऐसे की, त्या मुलखी पाण्याचा संस्कार होण्याआधी जे मूल मरे त्यास नाव नाही आणि देवळाच्या आवारात मातीही नाही. पाद्री लॉरिड्स या कामी फार कडक. मग ज्या आईचे ऐसे मूल जाई, ती ते लोकरीत गुंडाळून रांगत थडग्यात शिरे आणि जुन्या राजाचे हाडांपाशी ठेवून म्हणे, "बाबा, ह्याला जवळ घे." सिदसेलचे एकुलते एक लेकरू तेथेच होते. नवऱ्यांस हे ठाऊक नव्हते. पिढ्यान् पिढ्या बायकांनी ओठ शिवून ठेविले होते.

कुदळ चालली. थोर हाडे निघाली, काशाची तलवार निघाली, मोगेन्स आनंदाने नाचावयाचे तेवढे राहिले. मग तोंडाजवळ लहान हाडे निघाली, पुष्कळ निघाली, आणि लोकर निघाली. मोगेन्स बोलिले, "राजपुत्र!" गावाबरोबर पाद्रीही आला होता, त्याने लोकर हाती घेऊन पाहिली आणि त्याचे तोंड काळे पडले, कारण ती वीण बेटावरच्याच बायकांची. तो गरजला, "ही पापे कोणाची? सांगाल तर तिला बेटावरून घालवितो, न सांगाल तर हाडे भरतीत फेकितो!" मग पाद्रीने लहान हाडांचे घमेले उचलविले, तेव्हा सिदसेल पुढे जाहली आणि बोलली, "माझी."

"यातले कोणते?"

"सगळी."

"एका बाईची इतकी? खोटं बोलतेस!"

"माझीच आहेत, पाद्रीबाबा. भरतीत टाकू नका. मी घेऊन जाते, माती मिळंल तिथं ठेवते."

हे खोटे आहे हे पोरासोरांसही कळत होते, मोगेन्सांसही कळत होते. परंतु वारा अनुकूल होता, राजाची हाडे आणि तलवार मिळाली होती, आणि निवाडा करीत बसण्यास वेळ कोणास? घेऊन जाऊ द्या, ऐसे बोलून ते गलबताकडे निघाले. लिहिताना हात जळतो, पण जाहले ते ऐसेच जाहले. सिदसेलने लहान हाडे जाळ्यात बांधिली, ओटीत घेतली, आणि पाद्रीचे हुकुमाने तिला एका लहान होडीत बसवून लोटून दिले. वल्ही तिची तीच मारीत होती.

तीरावर बायका उभ्या होत्या. होडी थोडी दूर गेली आणि म्हातारी बोडिल एकाएकी पाण्यात गुडघाभर शिरून ओरडली, "एस्बेन!" होडीतून उत्तर आले, "आहे!" मग दुसरी ओरडली, "आस्त्रिद!" उत्तर आले, "आहे!" मग तीर सारा ओरडू लागला, ज्या लेकरांस नाव नाही म्हणून शास्त्र सांगत होते त्या लेकरांची नावे घरोघरच्या आया घेऊ लागल्या, आणि होडीतून "आहे, आहे" येत राहिले. नवरे थिजले. पाद्री ओरडला, "कोण कोण ओरडते ते ध्यानात ठेवा, एकेकीस घालवितो!" तेव्हा त्याचेच मागून त्याची बायको डोर्टे, जी घरातही मोठ्याने बोलत नसे, ती धावत पाण्यापर्यंत गेली आणि जीव तोडून ओरडली, "इडा!"

पाद्री वळून पाहू लागला. होडी तोवर कड्याआड गेली होती. डोर्टेने पुन्हा हाक मारिली, आणि पुन्हा मारिली. उत्तर आले की वारा होता, हे तिला कळले नाही.

तात्पर्य, राजास मूळपुरुष मिळाला, घराणे जुने ठरले, शेजारचा राजा गप्प बसला. पाद्रीने आणखी कोणासही घालविले नाही आणि त्याविषयी पुन्हा शब्द काढिला नाही. सिदसेल कोणत्या किनाऱ्यास लागली, लागली की नाही, याचा शोध कोणी केला नाही. त्या कामी सरदाराची नेमणूक जाहली नव्हती. डोर्टे रोज कड्यावर जाऊन उभी राहते, ऐसे ऐकितो. घडले ते इतकेच.