कमलाक्काची पाटी

जुन्या हुबळीत पाटी रंगवावी तर ती हणमंत पेंटरनंच, असं लोक म्हणत. आणि लोक विसरले तर हणमंत स्वतः म्हणे. पण त्याच्या बायकोच्या, कमलाक्काच्या मेतकुटाच्या दुकानावर मात्र पाटीच नव्हती. दुकान घराच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे. पुढच्या महिन्यात लावतो, असं तो लग्नापासून म्हणत आला होता. आता कमलाक्का खिडकीपाशी अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची भाषाच सोडली होती.

तेव्हा हणमंतानं ठरवलं, हिच्या डोळ्यांदेखत पाटी लागलीच पाहिजे, आणि तीही अशी की सगळ्या हुबळीनं तोंडात बोट घालावं. स्टेशनवर साहेबी बिस्किटांच्या जाहिरातीत त्यानं नव्या तऱ्हेची अक्षरं पाहिली होती. जाडजूड, ना शेपटी ना नक्षी, आणि सगळी पुढं झुकलेली, गाडी चुकेल म्हणून धावत सुटल्यासारखी! तशीच त्यानं मराठीत काढली, तांबड्यावर पांढरी : 'कमलाक्का मेतकूट'. टांग्यातला माणूस टांगा न थांबवता वाचील, असं त्यानं तिला ऐकवलं. ती हसली. हसली की तिला खोकला येई, म्हणून त्यानं बढाई आवरती घेतली.

पाटी ठोकायला गोविंद सुतार आला, नेमकी तेव्हाच कमलाक्काला धाप लागली आणि हणमंत औषधाला धावला. गोविंदनं पाटी उचलून पाहिली. एकूण एक अक्षर कलंडलेलं! बायकोच्या काळजीनं बिचाऱ्याचा हात गेला, असं त्याला वाटलं. चारचौघांत हणमंतअण्णाची शोभा नको, म्हणून त्यानं पाटीचं डावं टोक चांगलं खाली घेतलं, अक्षरं उभी केली आणि लांब खिळ्यांनी पक्की ठोकून टाकली.

हणमंत परतला तर गल्लीत घोळका जमलेला आणि पाटीची घसरगुंडी झालेली. हे काय करून ठेवलंस, असं त्यानं विचारलं.

"अण्णा, अक्षरं सोट्ट, पार वाकडी पडली होती की," गोविंद हळूच म्हणाला. "मी सरळ करून टाकली. कुणाला सांगत नाही."

हणमंतानं कपाळाला हात लावला. शिडीवर चढणार, तोच कमलाक्कानं खिडकीतून हातानं बोलावलं. आत जाताजाताच तो म्हणू लागला, आत्ता सरळ करतो, तू त्रास करून घेऊ नकोस.

"सरळच तर आहे हो," ती म्हणाली. "अक्षरं तेवढी पळताहेत. तुम्ही म्हणालात तशी."

हिची नजरही गेली, असं वाटून तो रडायच्या बेतात आला. धाप लागू नये म्हणून ती उंच उशीवर एका अंगाला कलून पडलेली असे. त्यानं तिच्या शेजारी उशीवर तसंच कलतं डोकं टेकलं आणि बाहेर पाहिलं. पाटी खरंच सरळ होती आणि अक्षरं धावत होती. दोघं बराच वेळ तशीच बघत राहिली.

कमलाक्का त्याच आठवड्यात गेली. तिचे दिवस झाल्यावर गोविंद पाटी नीट करायला शिडी घेऊन आला, तर हणमंतानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढं गिऱ्हाइकं त्याला विचारत, एवढे नामांकित पेंटर तुम्ही, आणि घरच्या दुकानाची पाटी वाकडी?

"वाकडी नाही हो," हणमंत म्हणे. "तुम्ही उभे आहात, म्हणून तशी दिसते."