तातेरावांचं पिवळं धोतर

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की अंगणातल्या कोंबड्याही सावली सोडायला तयार नव्हत्या. दुपारी आष्टीहून पाहुणे आकांक्षाला बघायला येणार होते. घरचं वडील माणूस म्हणून आजोबांनी, म्हणजे तातेरावांनी, पांढऱ्या धोतरात समोर बसायचं ठरलं होतं. धड धोतर एकच. तेच नेसून ते वरणभात जेवायला बसले (इथंच चुकलं), आणि मांडीवर वरण सांडलं.

बायकोला, पुष्पाबाईंना, कळायच्या आत धोतर न्हाणीत गेलं. साबण घासला तर पिवळा डाग लालभडक झाला.

"वंदना, कापडातून रगत निघून राह्यलं," तातेरावांनी सुनेला हळूच बोलावलं.

वंदना शाळेत विज्ञान शिकवायची. "मामंजी, वरणातली हळद हाय ती. साबण, सोडा, चुना ह्या आम्लारी. त्या लागल्या की हळद लाल होतीया. लिंबू म्हंजे आम्ल, ते पिळलं की परत पिवळी."

तातेरावांनी लिंबू पिळलं. पिवळा. साबण लावला. लाल. पुन्हा लिंबू. गडी हटणारा नव्हता.

"मंग दोन्हीच्या बराबर मधोमध काय ऱ्हातं?"

"उदासीन. साधं पाणी."

"त्यात पांढरं व्हईल?"

"न्हाई, पिवळंच."

 तातेरावांनी उठून हळदीचा डबाच आणला. डाग धोतरासारखा होत नसेल, तर धोतर डागासारखं करायला कोण अडवतंय? सगळं धोतर हळदीच्या पाण्यात बुचकळलं, पिळलं आणि ओलंच नेसलं.

पुष्पाबाईंनी खालपासून वरपर्यंत बघितलं. "आवं, हे काय सोंग?"

"शुभकामाला पिवळं चालतंय."

"बरं. पाहुण्यांम्होरं तंबाखूचा हात तेवढा धोतराला पुसू नका."

पाहुणे आले, चहा झाला. आकांक्षा समोर बसली तशी तातेरावांनी तंबाखूची डबी काढली. धीर यावा म्हणून त्यांनी तंबाखूत चुना घालून चांगला मळला, चिमूट तोंडात टाकली आणि जन्माच्या सवयीनं दोन्ही हात मांड्यांवर पुसले.

ओल्या पिवळ्या धोतरावर दोन लाल पंजे उमटले.

वंदनानं तोंडाला पदर लावला. पाहुण्यांचा कप हातातच राहिला. बैठकीला आलेले शेजारचे साहेबराव पंजांकडं बघत शांतपणे म्हणाले, "तातेराव, हळद लागली, कुंकूबी लागलं. आता पाहुणे नवरी बघायला आल्ते का नवरदेव, तेवढं सांगून टाका."