दुखवट्याचा चहा

लोटूभाऊ सोमवारी सकाळी गेला आणि मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत त्याचा धाकटा भाऊ धुडकू चौदा कप चहा प्यायला होता.

इलाज नव्हता. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून गावाकडून लूमवर कामाला आलेल्यांची नवागामातली ती सगळी गल्ली किटल्या भरभरून आणत होती. भेटायला आलेल्यापुढे कप ठेवायचा, आणि घरच्या कर्त्या माणसाने घोट घेतल्याशिवाय पाहुणा कपाला हात लावत नाही. कर्ता आता धुडकू होता. एरवी तो सकाळचा एक कप घेई. बुधवारी एकवीस झाले, गुरुवारी मोजणी सुटली. झोप आलीच नाही.

"नको म्हनी दे ना," शेजारच्या उषाबाई म्हणाल्या.

"पाहुना तसाच उठी जाई, मावशी. लोटूभाऊना घरमातून?"

शुक्रवारी गंधमुक्तीची, म्हणजे दुखवटा संपवण्याच्या विधीची, पत्रिका छापायची होती. घरातलं लिहिणं आजवर लोटूच करायचा. भावाचं एवढं एक काम चूक न होता पार पडावं, इतकंच धुडकूला हवं होतं. वडिलांच्या वेळी लोटूने छापलेली पत्रिका त्याने समोर घेतली. वरच्या, म्हणजे गेलेल्याच्या, नावाच्या जागी नवं नाव लिहायचं, तारीख बदलायची. पण आयुष्यात भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर 'नाव' म्हणजे त्याचं स्वतःचंच असे. त्याने तेच लिहिलं. खाली 'आपला शोकाकुल'पुढे लोटूचं नाव होतं, ते तसंच राहिलं.

"काका, एक बार पढ लो," छापखानेवाला म्हणाला.

धुडकूने तीनदा वाचलं. हा माणूस कापडाच्या लूमवर हजारो धाग्यांतला तुटका धागा चार हात लांबून ओळखायचा. "बराबर है," तो म्हणाला. "छापो."

दुपारी पत्रिकेचा फोटो मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना गेला. थोड्या वेळाने खिडकीत ठेवलेला लोटूचा फोन वाजला. साक्रीकडचा चुलतभाऊ राघो होता. त्याला मृत्यूचा निरोपच पोहोचला नव्हता.

"लोटू! धुडकू गया अनि तू माले फोन बी नही करा?" तो रडतच होता.

"राघोभाऊ, मी धुडकू बोली राहिनू."

पलीकडचं रडणं थांबलं.

"मंग गया कोन?"

पाच दिवसांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे ऐकूनच आले होते. भावाचं नाव सांगायला धुडकूने तोंड उघडलं, आणि फोन हातात धरून तो हमसून रडला.

आवाज ऐकून लोटूची बायको प्रमिलाबाई बाहेर आल्या. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलली आणि ओळींवरून बोट फिरवत खालच्या लोटूच्या नावापर्यंत वाचली.

"चुकनं, वहिनी. सम्द्या फाडी टाकस. आजच नव्या छापस."

"फाडा. पन पहिले घडीभर झोपा. कागदवर तसा बी तुम्ही गयेल शेतस."

गठ्ठा त्याच्याकडे सरकवला, पण हातातली पत्रिका त्यांनी घडी करून पदराखाली घेतली.

"हाई एक ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्यामा तुमना भाऊ आजून पाहुनासले बलाई राहिनात."