थर्मोस्टॅटची घटनादुरुस्ती

चारुताकाकूंनी उडदाचा पापड गाडीच्या बॉनेटवर ठेवला, आत येऊन चहाचं आधण टाकलं आणि परत बाहेर जाऊन बघतात तर पापड भाजून तयार. एका कडेने चांगला करपलाही होता. अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलरचा जून महिना असाच असतो. खोटं वाटत असेल तर त्या बॉनेटवर अजून डाग आहे, बघून या.

तो पापड त्यांनी ताटलीत घालून नवऱ्यापुढे ठेवला. "हा घ्या पुरावा. आता तरी एसी खाली आणा."

प्रतापरावांनी पापड मोडून खाल्ला. "छान भाजलाय. पण ब्याऐंशी फॅरनहाइटच्या खाली एक पॉइंट येणार नाही."

सगळा जन्म कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तापमान सांभाळण्यात गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. हॉलवेत सगळ्या घराच्या एसीचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट होता, त्याला पासवर्ड होता आणि तो फक्त त्यांना ठाऊक. मुलगा निमिष आणि सून नेत्रा, दोघंही आयटीतली. अख्ख्या बँकेची सिस्टिम चालवायची, पण घरातल्या थर्मोस्टॅटपुढे दोघांनी हात टेकले होते.

"मग ऐका," काकू म्हणाल्या. "आज रात्रीपर्यंत ते यंत्र माझ्या हातात आलं नाही तर मी तिकडे कॅरी गावाला जाते, माझ्या यामिनीताईकडे. येईन ती थंडी पडल्यावर. तोवर वरणाला फोडणी कोण देतंय ते बघा."

बॅग खरंच भरलेली होती. दाराशी उभी होती.

आता गंमत अशी, की हेच प्रतापराव घराबाहेर पडले की केंद्राच्या सत्तेविरुद्ध नुसते पेटून उठायचे. वॉशिंग्टनने किती खर्च करावा, कशाकशात नाक खुपसावं, याला वेसण घालायची तर राज्यांनीच घटनादुरुस्ती करायला हवी, ही त्यांची चळवळ. घराच्या मोर्गेजचे पेपर वाचले नसतील एवढ्या बारकाईने त्यांनी अमेरिकेची घटना वाचली होती. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत त्यांचं भाषण होतं. त्याची तालीम म्हणून त्यांनी सगळ्यांना डायनिंग टेबलापाशी बसवलं.

"हे बघा, दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली की काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, राज्यांची सभा, म्हणजे कन्व्हेन्शन बोलवावंच लागतं. तिथे दुरुस्ती ठरते. मग तीन-चतुर्थांश राज्यांनी होकार दिला की झाली पक्की. प्रेसिडेंटची सहीसुद्धा लागत नाही! केंद्र नुसतं बघत बसतं. कळलं?"

"कळलं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे जरा बारीक झाले होते.

"आता आपण करून बघू. प्रत्येक खोली म्हणजे एक राज्य. चारू, तू स्वयंपाकघर. निमिष, तुझी ऑफिसची खोली. नेत्रा, वरची बेडरूम. स्वानंदी, तुझी खोली."

"अँड यू, आजोबा?" नातीने फोनमधून डोकं वर काढलं.

"मी केंद्र. कुणीतरी दुष्ट व्हायला हवं ना! त्याला कसलेला नट लागतो."

"नट कशाला लागतोय?" काकू पुटपुटल्या. मग त्या उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. "स्वयंपाकघर राज्याचा प्रस्ताव. घराचं तापमान ठरवण्याचा अधिकार केंद्राकडून काढून राज्यांना द्यावा."

चारही हात एकदम वर गेले. निमिषने तर दोन्ही वर केले होते, नेत्राने एक खाली ओढला.

"वा, वा!" प्रतापरावांनी टाळ्या वाजवल्या. "फर्स्ट क्लास. झाली प्रॅक्टिस. आता चहा टाक."

"पासवर्ड," काकूंनी हात पुढे केला.

"अगं, हे नाटक होतं."

"मघाशी भाषणात तुम्हीच म्हणालात, केंद्र नुसतं बघत बसतं म्हणून."

"मग मी व्हेटो वापरतो!"

"आजोबा, प्रेसिडेंट कॅन्ट व्हेटो अ‍ॅन अमेंडमेंट," स्वानंदी थंडपणे म्हणाली. "यू जस्ट टोल्ड अस."

"बाबा, शी हॅज अ पॉइंट," निमिष म्हणाला.

प्रतापरावांनी छताकडे पाहिलं. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "नाही तर उद्या लायब्ररीत मी पहिल्या रांगेत बसते. प्रश्नोत्तरं असतीलच ना? घरात केंद्र काय करतं ते सांगते सगळ्यांना."

पासवर्ड मिळाला. तो काकूंच्या वाढदिवसाचाच निघाला, पण त्याने त्या विरघळल्या नाहीत. ताठ मानेने हॉलवेत गेल्या आणि म्हणाल्या, "शहात्तर लावते."

"एक मिनिट हं आई," मागून नेत्राचा आवाज आला. "सभा अजून संपलेली नाही. वरच्या बेडरूमचा प्रस्ताव आहे. सगळ्या घराला अडुसष्ट."

"अडुसष्ट? अगं, आपण माणसं आहोत का आइस्क्रीम?"

"वर किती उकडतं माहितीये का तुम्हाला? दिवसभर मीटिंगमध्ये लोक विचारतात, आर यू ओके?"

नेत्राचा हात वर. निमिषचा वर. स्वानंदीचा तर आधीच वर होता. चारातली तीन राज्यं. दुरुस्ती पक्की.

"पण आपण फक्त माझ्या प्रस्तावासाठी जमलो होतो!" काकू ओरडल्या.

प्रतापराव खुर्चीत रेलले. "विरोधक म्हणतात, कन्व्हेन्शन एकदा बोलावलं की कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. मी आजवर गावभर सांगत आलो, असं काही होत नाही म्हणून." मग म्हणाले, "उद्याचं भाषण थोडं बदलावं लागणार."

बॅग परत कपाटात गेली. आता कुठल्या तोंडाने कॅरीला जाणार? लढाई काकू जिंकल्या होत्या ना!

पुढच्या आठवड्यात त्या घरात जे झालं ते हिमालयात होत नसेल. खोबरेल तेल बाटलीत दगड झालं. तुपाला सुरी लागायला लागली. इडलीचं पीठ दोन दिवस जागचं हललं नाही. काकू सकाळी स्वेटर, दुपारी स्वेटरवर शाल आणि संध्याकाळी शालीवर प्रतापरावांचा कोट घालून पोळ्या लाटायच्या.

"आई, थंडी वाजतेय का?" निमिषने विचारलं.

"मला? छे! माझे दात आहेत, मी वाजवतेय."

मेले तरी बेहत्तर, पण माघार नाही. एका दुपारी मात्र बोटं इतकी बधिर झाली की लाटणं सुटून खाली पडलं. काकू गुपचूप मागचं दार उघडून अंगणात सटकल्या. बाहेर एकशे बारा डिग्री. आणि तिथे खुर्चीत, कानटोपी घालून, प्रतापराव उन्हात बसलेले.

"तुम्ही इथे काय करताय?"

"पक्षी बघतोय. तू?"

"तुळशीला पाणी घालायला आले."

"तांब्या कुठाय?"

काकू दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. अंगात ऊब भरायला लागली तशी जीभही सुटली. "काहीतरी करा हो. एवढी घटना पाठ आहे तुम्हाला."

"मला मत नाही. मी केंद्र. आणि तुझं मत एकच." प्रतापरावांनी कानटोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत जुन्या कारखान्यातली चमक आली. "पण घटनेला हात न लावता तिचा अर्थ बदलता येतो. कोर्टं काय करतात दुसरं? आयुष्यभर मी त्यांना शिव्या दिल्या. फ्रीजरमध्ये खोवलेलं खोबरं आहे?"

होतं. इंडियन स्टोअरमधलं, विटेसारखं घट्ट. काकूंनी ते कापडी पिशवीत घालून थर्मोस्टॅटला टेकवून टांगलं आणि वरून मराठी मंडळाचं कॅलेंडर लावलं. थर्मोस्टॅटला वाटलं, घर गारठलं. एसी गप्प झाला. खोबरं वितळायला लागलं की दुसरं पाकीट. लावलेला आकडा अडुसष्टच, घटनेचा कानामात्रासुद्धा हलला नाही. दोन तासांत तूप सैल झालं आणि इडलीचं पीठ झाकण ढकलून बाहेर डोकावलं.

संध्याकाळी नेत्रा जिना उतरून आली. कपाळावर घाम, हातात फोन. "निमिष, घर गरम वाटतंय का रे तुला?"

"वाटतंय यार." त्यानेही घाम पुसत फोन बघितला. "अगं, पण अ‍ॅपवर तर साठ दाखवतंय!"

"साठ?" नेत्राने फोन दोनदा रिफ्रेश केला. "ओ गॉड. तरीच मला शिरशिरी येतेय."

काकूंच्या डोळ्यांदेखत तिने हुडी चढवली. निमिषने पायमोजे घातले. स्वानंदी ब्लँकेट गुंडाळून, घामाने निथळत सोफ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "इट्स फ्रीझिंग, यू गाइज."

प्रतापरावांना एकदम खोकला आला. ते पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

"आई," नेत्रा हुडीच्या बाहीने गळ्यावरचा घाम टिपत म्हणाली, "आपण परत एकदा कन्व्हेन्शन बोलवायचं का? तुमचं ते शहात्तर... आम्हाला चालेल. प्लीज."

चारुताकाकूंनी स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

"घटना आहे ती," त्या म्हणाल्या. "अशी उठसूट बदलत नसतात. स्वयंपाकघर राज्य विचार करून कळवेल."