पोशाख म्हणा!

दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता धोंडूकाका परब आमच्या मजल्याच्या गॅलरीत गुडघे टेकून बसतात. पाठ ताठ, नजर समोर, हात मांड्यांना चिकटलेले. मजल्यावर नवीन आलेल्यांना वाटतं, म्हातारा प्रार्थना करतोय. मागे एका पाहुण्याने तर चपला काढून हात जोडले. काकांनी मान न वळवता त्याला सांगितलं, "हात नंतर जोडा. आधी वाकून बघा, जमिनीपासून इंचभर वर आहे ना?"

इंचभर वर असायला हवी ती किल्टची कड. हो, किल्टच, स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख. लालबागमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, भर मे महिन्यातसुद्धा. जाड लोकरीचा, निळ्या-हिरव्या चौकड्यांचा, डांबरगोळ्यांच्या वासाचा. काका एका सरकारी पलटणीच्या बँडमध्ये तीस वर्षं बॅगपाइप वाजवत होते. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी भाच्याला देऊन टाकलं आणि साहेबांकडे रीतसर अर्ज करून आपला जुना गणवेश मागून घेतला.

त्याला कुणी घागरा म्हणो, स्कर्ट म्हणो, काका एकच वाक्य फेकतात, "पोशाख म्हणा!" परकर म्हणणाऱ्याशी तर ते आठवडाभर बोलत नाहीत. तळमजल्याचा इस्त्रीवाला एकदा चुकून "परकर झाला, काका" म्हणाला. तेव्हापासून काका स्वतः इस्त्री करतात, दार लावून, एकेका चुणीवर ओलं फडकं ठेवून.

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणजे चौकशा करायचा मला परवानाच आहे. रविवारी चहाचा कप घेऊन मी गॅलरीत जाते आणि काकांची शिकवणी ऐकते. चुण्या मागे, पुढचा पदर सपाट. पिन उजवीकडे आणि फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदर टाचले तर चालताना कापड फाटतं. कमरेपुढे लोंबणाऱ्या केसाळ पिशवीत पूर्वी काय ठेवायचे ते काकांना ठाऊक नाही, ते चष्मा आणि सुपारी ठेवतात. आणि सर्वांत मोठा नियम, पोशाखाला कात्री लावायची नाही. आठ वार म्हणजे आठ वार.

"तिकडे स्कॉटलंडात प्रत्येक कुळाच्या चौकड्या वेगळ्या," ते मला सांगतात. "आपल्याकडे देवक असतं ना, तसं. दुसऱ्याचं उचलून अंगावर घालायचं नाही. आमच्या ह्या पलटणीच्या आहेत गो, त्यामुळे मी कुणाचं कूळ बाटवत नाही."

एकदा मी लाल चौकड्यांची ओढणी घेऊन गेले, तर त्यांचा चेहराच पडला.

"ही कुणाची?"

"दादरच्या फुटपाथवरची."

"अगो, पण कूळ कुठलं?"

दीडशेला तीन मिळाल्या, एवढंच मला ठाऊक होतं. ती ओढणी मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी घेतली नाही.

काकांच्या डाव्या नाकपुडीवर एक बारीक खळगा आहे. देवीचा वण असावा असं मला वाटायचं. एका रविवारी न राहवून विचारलंच. काकांनी सुपारी कातरली आणि अगदी सरळ सांगून टाकलं. त्यांच्या आधीचे तीन भाऊ तान्हेपणीच गेले. म्हणून आईने ह्यांचं नाव धोंडू ठेवलं, नाक टोचलं आणि गावच्या देवीला नवस बोलली की सात वर्षांपर्यंत ह्याला मुलीसारखं वाढवीन. दोन वेण्या, बांगड्या, हाक मारायची ती धोंडी.

"आणि नवं घालायचं नाही, बहिणीच्या अंगावरचंच घालायचं. बापूंनी, आमच्या वडलांनी, दिवाळीला गिरणीतून कापड आणलं. अशाच निळ्या-हिरव्या चौकड्या. ताईला परकर शिवला. ती तेव्हा आठ वर्षांची. पहिल्या आंघोळीच्या दिवशी तिने तो सकाळभर घातला आणि दुपारी आईने उतरवून मला दिला. ताई म्हणाली, एक दिवस मी घालते, एक दिवस तो. आई म्हणाली, बोललेलं असं वाटून घेता येत नाही." काकांनी सुपारी तोंडात टाकली. "मला तो फार आवडायचा. गोल फिरलो की फुगायचा. ताई कोपऱ्यात बसून म्हणायची, निदान फिर तरी, मला बघू दे. सातव्या वर्षी तो देवीला वाहिला आणि मला हाफ पँट घातली. किती रडलो! दोन पाय दोन नळ्यांत कोंबायचे, हा काय प्रकार?"

बँडमध्ये पहिल्या दिवशी गणवेश वाटले तेव्हा बाकीची पोरं लाजून चूर झाली होती. काकांनी घडी उलगडली, चौकड्या पाहिल्या आणि सगळ्यांदेखत एक गिरकी मारली. सुभेदाराने शिक्षा म्हणून मैदानाच्या दहा फेऱ्या दिल्या.

ती ताई म्हणजे ताराआत्या. गिरगावात एकटी राहायची. ह्या पावसाळ्यात मोरीत घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि काका तिला आपल्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी बजावलं, महिन्याभरात चालली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल. पण आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "कशाला चालू? खंय जावचा आसा माका?" काकांनी विनवलं, रागावले, उमेद यावी म्हणून बॅगपाइपसुद्धा वाजवला. त्याने आत्या हलली नाही, मजला मात्र हलला. तीन आठवडे संपले. काकांनी पानसुपारी सोडली.

मग एका रविवारी ते नेहमीसारखे गुडघे टेकून बसलेले असताना आतून आवाज आला, "माझो परकर घालून अजून मिरवतंस, मेल्या!"

मी वाट पाहिली. "पोशाख म्हणा" काही आलं नाही. काका कठड्याला धरून उठले आणि आत गेले.

पुढच्या शनिवारी दुपारी मी भाजी द्यायला गेले, तर किल्ट जमिनीवर सपाट पसरलेला. सगळ्या चुण्या उसवलेल्या. शेजारी कात्री, आणि काका माझ्याकडे न बघता शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होते.

"आठ वार तिच्या कमरेला पेलणार नाहीत गो. चार पुरे."

लांबी मात्र होती तेवढीच, गुडघ्यापर्यंत, आठ वर्षांच्या मुलीला हवी तशी. कमरेला नाडी. रविवारी सकाळी त्यांनी तो आत्याच्या उशाशी ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुझा परकर."

आत्याने चौकड्यांवरून बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाली, "नाडी कोण बांधतलो?" मी बांधली, गाऊनवरूनच. आत्या वॉकर धरून उठली. दारापर्यंत गेली, दारातून गॅलरीच्या टोकापर्यंत आणि तिथून परत. काका तिच्या मागून हात पसरून चालत होते, पण तिला हात लागू देत नव्हते.

खाटेवर बसल्यावर तिने परकर उतरवला, घडी घातली आणि भावापुढे धरला. "आज माझो झालो. उद्या तुझो."

सोमवारी मी शाळेला निघाले तेव्हा काका तो परकर घालून गॅलरीत उभे होते. पिन नाही, मोजे नाहीत, केसाळ पिशवी नाही. ताराआत्या वॉकरला धरून दारापर्यंत आली होती.

"फिर रे, माका बघू दे."

काका फिरले. लोकर जड, परकर काही फुगला नाही. आत्या म्हणाली, "परत."

आणि ते परत फिरले.