चष्मेवाल्यांची कंटाळ्यावरील स्वारी

श्रीलोखंड समर्थ. वाचणारांस अक्कल आणि न वाचणारांस पाठदुखी प्राप्त होवो. विज्ञापना ऐसीजे, राजमान्य राजश्री चष्मेवाले यांणीं कंटाळा नामें प्रबळ गनिमाचा मोड कैसा केला, ती हकीकत आम्हांस पुसली; त्यास जैसें घडलें तैसें लिहिलें आहे. आम्हीं कोणाचें मीठ खाल्लें नाहीं, सबब कोणाची भीड नाहीं.

तरी राजश्री म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्यांचें दुकान मांडून बसलेले गृहस्थ. दिवसभर रयतेच्या डोळ्यांपुढें भिंगें धरून 'हें स्पष्ट कीं तें स्पष्ट' पुसावें, आणि रोज सकाळीं व्यायामशाळेंत जाऊन वजनें उचलावीं, ऐसा कैक वर्षांचा शिरस्ता. आधीं खांद्यावर दांडी घेऊन बैठका, आणि मग उताणें पडून दांडी छातीवरून वर लोटणें, आणि मग दांडी जमिनीवरून उपसणें. प्रत्येक आठ वेळां, नववी नाहीं, सातवीवर थांबणें नाहीं. कोपरा तोच, भिंत तीच, भिंतीवरचा ओलीचा डाग तोच. देह पोलादाचा जाहला परंतु जीव विटला.

हा पराक्रम हौसेचा नव्हे. राजश्रींचे तीर्थरूप पूर्वीं मंडईंत लिलाव पुकारीत. पुढें त्यांचे पाय निकामी जाहले. देह भारदस्त राहिला आणि जिव्हा त्याहून भारदस्त. त्यांस पलंगावरून खुर्चींत आणि खुर्चींतून न्हाणींत उचलून नेणारे हात एकट्या राजश्रींचे. तीर्थरूपांच्या परगांवीं राहणाऱ्या कन्यासाहेब फोनवरून वारंवार कळवीत कीं बाबांस वृद्धाश्रमांत ठेवावें, तेथें उचलावयास माणसें आहेत. त्यावर तीर्थरूपांचा जबाब ठरलेला, "मी काय बटाट्याचं पोतं आहे, गोदामात टाकायला?" सबब, राजश्रींचे बाहूंत जोर तोंवर तीर्थरूपांस घर, ऐसा मामला होता.

ऐसियांत गनिमानें उचल खाल्ली. आधीं जांभई नामें हेर पाठविला. मग राजश्री दांडीखालीं पडून नुसते छत न्याहाळूं लागले, आणि मग उठून पाणी पिऊं लागले, आणि मग बुटाची नाडी सोडून परत बांधूं लागले. आणि मग आज गुडघा कुरकुरतो, उद्यां गिऱ्हाईक लवकर येणार, ऐशीं तहाचीं कलमें लिहून एकेक सकाळ गनिमास तोडून देते जाहले. व्यायामशाळेच्या उस्तादांनीं कानांत गाणीं लावण्याची मसलत दिली. ती फुकट गेली. मोबाईलवरचे उपदेशक, ज्यांस दंड आहेत परंतु मेंदू नाहीं, त्यांणीं स्वतःवर प्रेम करण्याचा हुकूम फर्माविला. तोही फुकट गेला.

तों एके दिवशीं न्हाणीच्या उंबऱ्यावर राजश्रींचे हात लटपटले आणि पितापुत्र दोघेही फरशीवर बसले. इजा जाहली नाहीं, इज्जत गेली. तीर्थरूप वदले, "काय रे, माझं वजन वाढलं की तुझा दम संपला?" खबर कन्यासाहेबांस लागली आणि फर्मान आलें कीं आश्रम पाहून ठेविला आहे, रविवारीं गाडी घेऊन जातीनें येत आहें.

मग सूनबाईंनीं, म्हणजे राजश्रींच्या पत्नीनें, मसलत केली. "उद्या बाबांना जिममध्ये घेऊन जा. तुम्ही पळालात तर ते हाक मारतील, आणि ती चार गल्ल्या ऐकतील."

येणेंप्रमाणें तीर्थरूपांची चाकांची खुर्ची व्यायामशाळेंत दाखल जाहली. उस्तादांनीं अदबीनें विनविलें कीं आपण नुसते आंकडे मोजावे. हीच चूक जाहली. ज्याचा जन्म लिलाव पुकारण्यांत गेला त्याचे हातीं आंकडा देणें म्हणजे माकडाचे हातीं कोलीत. तीर्थरूपांनीं मांडीवर थाप मारिली आणि गर्जना केली, "बैठकांचा माल! ताजा, कडक! आठला सोडतोय, आठ! कोण वर जातं?"

शेजारीं वजनें उचलणाऱ्या बेकरीवाल्या बाईंस वाटलें, येथला नवा कायदाच आहे. त्या म्हणाल्या, "नऊ!"

पलीकडचा विमा एजंट कोठें मागें राहतो? "दहा!"

राजश्रींचे कानशील तापलें. आपल्या कोपऱ्यांत, आपल्या दांडीवर, परक्यांची बोली! "अकरा!"

"भिंतीकडून बारा आले!" भिंतीकडे कोणीही नव्हतें. तीर्थरूपांची मंडईंतली जुनी लबाडी ती.

"तेरा! अहो बाबा, तेरा!"

"तेरा एक वार, दोन वार, तीन वार! माल तुमचा, उचला!"

बोली ज्याची, उचलणेंही त्याचेंच, हा कायदा तीर्थरूपांनीं मागाहून जाहीर केला. राजश्री दांडीखालीं शिरले. दहाव्या बैठकेस मांड्या भरून आल्या. "उचल रे, का आश्रमाची गाडी आजच बोलावू?" ऐसा शब्दाचा चाबूक बसला, आणि मग अकरावी जाहली, आणि मग बारावी, आणि मग तेरावी, आणि सर्व फौजेनें एकच गिल्ला केला. पुढें कधीं उपसण्याचा माल आधीं निघे, कधीं लोटण्याचा. कधीं आंकडा पांचवरच तुटे, कधीं भिंतीची बोली मध्यें पडे. पुढें काय येणार हें ठाऊक असणें, हीच कंटाळ्याची रसद, ती तुटली. गनीम उपाशी मेला.

रविवारीं कन्यासाहेब दारीं आल्या. तीर्थरूप उंबऱ्याशीं खुर्चींत बसले होते. कोणी तोंड उघडण्याआधीं त्यांणीं हात उंचावला, "माल जुना, पाय बाद, तोंड चालू! बोला, कोण किती दिवस?"

"बाबा, पुरे झाला तमाशा," कन्यासाहेब म्हणाल्या. परंतु रक्त लिलावाचें. राहवेना. "माझ्याकडे महिनाभर. आश्रम नाही, घरी. माणूस ठेवीन उचलायला."

"महिना आला! महिना एक वार, दोन..."

राजश्रींनीं बोली लाविली नाहीं. वांकले, दोन्ही हात घातले, आणि तीर्थरूपांस एका दमांत उचलून आंत नेलें. हात लटपटला नाहीं, पाऊल चुकलें नाहीं. तें पाहून कन्यासाहेब गाडीची किल्ली पिशवींत टाकून, चहा ठेवा म्हणाल्या.

सबब चष्मेवाल्यांची फत्ते जाहली, कंटाळा शिकस्त खाऊन परागंदा जाहला, ऐसें नमूद केलें आहे. तीर्थरूपांची तक्रार मात्र दप्तरीं कायम: "गाढवा, घाई कशाला केलीस? बोली अजून चढत होती!"